नावाच्या कार्डावर काय गाळायचे?

साडेतीन इंच लांब आणि दोन इंच रुंद अशा जाड कागदाच्या तुकड्याला इतिहास असतो काय, असे कोणी विचारील. असतो. ज्याला आपण व्हिजिटिंग कार्ड म्हणतो त्याच्यावर फार थोडा मजकूर मावतो. नाव, पदवी, काम, पत्ता, फोन. जागा थोडी असली की काही ठेवावे लागते, काही गाळावे लागते. आणि कोणी काय गाळावे हे समाज ज्या सहजतेने सुचवतो, ती सहजता इतिहासाच्या विद्यार्थ्याने तपासण्यासारखी असते. गेल्या वर्षी मी स्वतःची शंभर कार्डे छापून घेतली. आमच्या घराण्यात शाळेची शेवटची पायरी चढलेला मी पहिला, तसा स्वतःच्या नावाचा कागद छापणाराही मीच पहिला. त्या निमित्ताने जे वाचले आणि जे ऐकावे लागले, त्याची मांडणी येथे करतो.

या कार्डाचे मूळ युरोपातल्या सरदारांच्या दिवाणखान्यात आहे. अठराव्या शतकात फ्रान्स-इंग्लंडच्या वरिष्ठ वर्गात अशी रीत होती की, भेटीला येणाऱ्याने आधी आपले कार्ड नोकराच्या हाती आत पाठवायचे. मालकाला भेटायचे असेल तर पाहुणा आत जाई. नसेल तर कार्ड आत राही आणि पाहुणा उंबऱ्यावरून परत फिरे. त्याच काळात लंडनचे दुकानदारही आपल्या मालाची कार्डे वाटत. घरांना क्रमांक पडण्यापूर्वी दुकानावर टांगलेल्या चित्राच्या खुणेवरून पत्ता सांगावा लागे, म्हणून तीच खूण कार्डावर छापली जाई. १८५४ साली पॅरिसच्या दिस्देरी या छायाचित्रकाराने कार्डाच्या आकाराच्या फोटोचे पेटंट घेतले आणि नावाशेजारी चेहराही फिरू लागला. इंग्रजांनी ही रीत हिंदुस्थानच्या छावण्यांत आणली. नव्याने आलेल्या साहेबाने इतर साहेबांच्या बंगल्यांवर जाऊन कार्ड टाकायचे. त्यासाठी फाटकाशी 'नॉट ॲट होम' असे लिहिलेली पेटी असे. भेट व्हायलाच हवी असे नव्हते. कार्ड पोचले म्हणजे माणूस पोचला.

तेव्हा कार्डाचे काम एकच: माणूस पोचण्याआधी त्याची ओळख पोचवणे. आणि ती ओळख वाचून त्याला आत घ्यायचे की बाहेर ठेवायचे, हे उंबऱ्याच्या आतला माणूस ठरवणार.

आता आपल्या गावगाड्याकडे वळू. माणसाआधी ओळख पोचवण्याची सोय तेथेही होती. तिला कागद लागत नव्हता. महाराच्या हातातल्या काठीला घुंगरे असत. त्यांचा आवाज आधी जाई, माणूस मागून. दारापासून दूर उभे राहून घातलेला जोहार हीसुद्धा ओळखच होती. युरोपातल्या पाहुण्याने आपल्या कार्डावर काय लिहायचे ते स्वतः ठरवले होते. आमच्या ओळखीचा मजकूर गावाने ठरवला होता, आणि तो आम्हीच वाजवत जायचा होता. एवढा फरक.

याच माणसाकडे गावाने दुसऱ्यांचे निरोप वाहण्याचे काम दिले होते. गावचा वसूल आणि कागद तालुक्याला पोचवायचे, मयताचा सांगावा घेऊन रात्री-अपरात्री परगावी जायचे, सरकारी माणसापुढे चालायचे. ही वतनी सेवा होती. ती नाकारता येत नसे. १९२८ साली बाबासाहेबांनी मुंबई कायदेमंडळात महार वतनाविरुद्ध बिल आणले, परंतु वतने कायद्याने जायला १९५८ साल उजाडले. शंकरराव खरातांनी आपल्या आत्मकथनाला 'तराळ-अंतराळ' (१९८१) असे नाव दिले, ते याच कामावरून. तराळाच्या घरात जन्मलेला हा माणूस मराठवाडा विद्यापीठाचा कुलगुरू झाला. पिढ्यान्‌पिढ्या ज्यांनी दुसऱ्यांची नावे घरोघर पोचवली, त्यांच्या स्वतःच्या नावाचा कागद मात्र कोठे नव्हता.

कागदावर यायचेच झाले तर निशाणी येई. जुन्या महजरांवर आणि करीण्यांवर ज्यांना लिहिता येत नसे ते आपल्या धंद्याच्या अवजाराचे चित्र काढीत. पाटलाच्या नावाशी नांगर असे, आणि बलुतेदारांच्या नावांशी ज्याचे त्याचे हत्यार. या निशाण्या पाहताना मौज वाटते; पण त्यांचा अर्थ मौजेचा नाही. माणूस म्हणजे त्याचा जातिधंदा, आणि तो बापाकडून लेकाकडे जशाच्या तसा जाणार, असे ते चित्र सांगते. आजच्या कार्डावर ज्याला लोगो म्हणतात ती वस्तू आमच्याकडे अशी होती. तिची निवड करायला माणूस मोकळा नव्हता.

छपाई आली तेव्हा विटाळही तिच्या मागोमाग आला, हे आपल्या तरुण वाचकांना कदाचित नवे वाटेल. गणपत कृष्णाजींनी मुंबईत १८३१ साली पंचांग छापले. छपाईच्या शाईत चरबी असते, म्हणून छापील कागदाला सोवळ्यात शिवायचे नाही, असा त्या काळच्या कर्मठांचा आक्षेप होता. त्यावर तोड म्हणून धर्मग्रंथांसाठी तुपाची शाई वापरण्यात आली. म्हणजे मराठी छपाईच्या पहिल्याच पिढीत कागदसुद्धा अस्पृश्य ठरला होता, आणि त्याची शुद्धी तुपाने झाली. कागदाची झाली. माणसाची झाली नाही.

म्हणून आपल्या लोकांनी छापखान्याशी जोडलेले नाते हौसेचे नव्हते. गोपाळबाबा वलंगकरांचे 'विटाळ विध्वंसन' १८८८ चे. शिवराम जानबा कांबळे यांनी १९०८ साली पुण्यात 'सोमवंशीय मित्र' काढला. १९२० साली 'मूकनायक' निघाले तेव्हा त्याची जाहिरात पैसे घेऊनही छापायला 'केसरी'ने नकार दिला. आपले नाव आपण छापायचे, एवढी साधी गोष्टदेखील दुसऱ्याच्या छापखान्यात होत नाही, हे त्या नकाराने शिकवले. पुढे बाबासाहेबांनी स्वतःचा छापखाना उभारला. दादरचा भारत भूषण प्रिंटिंग प्रेस तो हाच. त्याचेच पुढे बुद्धभूषण झाले. २०१६ सालच्या जूनमध्ये दादरचे आंबेडकर भवन पाडले गेले तेव्हा हा छापखानाही त्या ढिगाऱ्यात गेला.

हा इतिहास डोक्यात ठेवून मी तालुक्याच्या बसस्थानकाजवळच्या एका डीटीपी सेंटरमध्ये गेलो. कार्डाची गरज का पडली तेही सांगतो. मी एका महाविद्यालयात तासिका तत्त्वावर इतिहास शिकवतो. ही नेमणूक त्या सत्रापुरती असते. जेवढे तास शिकवले तेवढ्याचे पैसे. सुट्टीचे नाहीत, परीक्षेच्या काळातले नाहीत. म्हणून उरलेल्या वेळात स्पर्धा परीक्षांना बसणाऱ्या मुलामुलींना इतिहास शिकवतो. त्यांच्या पालकांना, अभ्यासिकावाल्यांना, दुसऱ्या गावच्या वर्गचालकांना काहीतरी हातात द्यावे लागते. पोट असलेल्या माणसाला कार्ड लागते, एवढेच.

खिळे जुळवणारे जुळारी आणि खडखडणारे ट्रेडल त्या दुकानात कोठून असणार? संगणकापुढे विशी-बाविशीचा एक मुलगा होता, कामात चोख आणि बोलायला गोड. त्याच्याजवळ तयार नमुने होते. 'शिक्षक' या सदराखालच्या नमुन्यावर वीणाधारी सरस्वती होती, आणि सगळ्या नमुन्यांच्या माथ्यावर बारीक गणपती. ती चित्रे मी काढायला सांगितली. त्याने का म्हणून विचारले नाही, कळ दाबली आणि चित्रे गेली. ज्या निशाणीपायी माणूस पिढ्यान्‌पिढ्या अडकून पडला ती आता एका कळीने पुसता येते, ही काही लहान गोष्ट नव्हे. त्या जागी काय टाकू, असे त्याने विचारले. मी म्हटले, जागा कोरी राहू दे. खरी अडचण चित्रांची नव्हतीच. ती अक्षरांत होती, आणि ती तीन ठिकाणी आली.

पहिली अडचण नावाची. माझ्या वडिलांचे नाव कचरू. मराठी रीतीने ते माझ्या नावाच्या मध्ये येते. माझ्याबरोबर आलेला एक सहकारी, आपल्याच समाजातला, म्हणाला, "नुसतं 'के.' लिही ना. कोण विचारतंय? बाबासाहेबपण बी. आर.च लिहायचे."

त्याचे म्हणणे वरकरणी बरोबर आहे. पण बाबासाहेबांची आद्याक्षरे साऱ्या देशाने उलगडून वाचली. भीमराव आणि रामजी ही दोन्ही नावे आज खेड्यातल्या पोरालाही पाठ आहेत. माझा 'के.' कोणी उलगडणार नाही. तो तसाच मिटलेला राहील, आणि सहकाऱ्याला तेच हवे होते. कारण कचरू हे नाव कार्डावर शोभत नाही.

का शोभत नाही? मनुस्मृतीच्या दुसऱ्या अध्यायात नामकरणाचा नियम आहे: ब्राह्मणाचे नाव मंगल, क्षत्रियाचे बलदर्शक, वैश्याचे धनदर्शक आणि शूद्राचे निंदादर्शक असावे. शूद्राची ही गत, मग वर्णाबाहेरच्यांची काय असणार? आपल्या वाड्या-वस्त्यांतली कचरू, धोंडू, दगडू, उकिर्डा ही नावे सगळी त्या नियमातूनच आली, असे मात्र मी म्हणणार नाही. ज्या आयांची मुले जगत नव्हती त्या मुद्दाम ओंगळ नाव ठेवीत, म्हणजे मरणाची नजर लागणार नाही. आणि ही समजूत बहुजनांच्या अनेक जातींत होती. माझ्या आजीची दोन मुले गेली, तिसरे जगावे म्हणून तिने त्याला कचरू म्हटले. ते जगले. धर्मशास्त्राने आमच्यासाठी तुच्छतेचे नाव नेमून दिले आणि आईने त्याच तुच्छतेचा आडोसा करून लेकरू वाचवले, असे दोन्ही इतिहास या एका नावात आहेत. 'बलुतं' (१९७८) लिहिणारे दया पवार यांचे कागदोपत्री नाव दगडू मारुती पवार होते. दोन्ही नावांचा तोच एक माणूस आहे, हे समजल्याशिवाय ते पुस्तक समजत नाही.

नाव गाळावे लागण्याची पाळी आपल्यातल्या सर्वांत मोठ्या माणसावरही आली होती. ७ नोव्हेंबर १९०० रोजी साताऱ्याच्या शाळेत जे नाव दाखल झाले, 'भिवा रामजी आंबेडकर', त्याच नावाचा तरुण कोलंबिया विद्यापीठाची एम.ए. (१९१५) घेऊन आणि लंडनला शिकून १९१७ साली बडोद्याला नोकरीवर रुजू व्हायला गेला. राहायला जागा मिळेना. पारशी धर्मशाळेच्या वहीत खोटे पारशी नाव लिहून त्याला खोली घ्यावी लागली. अकराव्या दिवशी लाठ्या घेतलेले लोक दाराशी आले. दोन मित्रांकडे, एक हिंदू व एक ख्रिस्ती, विचारणा केली; दोघांनीही टाळले. शेवटी एका सार्वजनिक बागेत बसून काही तास काढावे लागले आणि रात्रीच्या गाडीने मुंबईला परतावे लागले. बाबासाहेबांनी हा प्रसंग 'वेटिंग फॉर अ व्हिसा' या टिपणात लिहून ठेवला आहे. म्हणून नाव झाकणाऱ्या कोणालाही मी भित्रा म्हणत नाही. झाकण्याची वेळ कोण आणतो, हा प्रश्न मात्र विचारलाच पाहिजे.

दुसरी अडचण पदवीची आणि पदाची. महाविद्यालयाच्या कार्यालयात विचारले तेव्हा, नेमणूक सत्रापुरती असल्याने संस्थेचे नाव व बोधचिन्ह खाजगी कार्डावर छापू नये, असे सांगण्यात आले. ज्या फळ्यावर मी आठ वर्षे लिहितो आहे त्याचे नाव मला लिहिता येत नाही. ठीक आहे. मग 'प्रा.' लावायचे की नाही? वर्गातली मुले लावतात, पगाराचा कागद लावत नाही. मी ते अक्षर लावले नाही. 'डॉ.' मात्र लावले, कारण ती पदवी सत्रापुरती दिलेली नाही.

येथे संविधानाच्या अठराव्या अनुच्छेदाची आठवण होते. अस्पृश्यता नष्ट करणाऱ्या सतराव्या अनुच्छेदावर आपल्याकडे पुष्कळ लिहिले गेले आहे. त्याच्या शेजारचा अनुच्छेद फारसा वाचला जात नाही. इंग्रजी अमलात रावसाहेब, रावबहादूर, खानबहादूर असे किताब मिळत आणि ते नावाआधी मिरवले जात. अठराव्या अनुच्छेदाने राज्याला असे किताब देण्याची मनाई केली. अपवाद दोनच ठेवले, लष्करी आणि विद्याविषयक. भारतरत्न व पद्म हे सन्मानदेखील नावाच्या मागेपुढे जोडता येणार नाहीत, हे सर्वोच्च न्यायालयाने १९९५ साली स्पष्ट केले. आता या दोन अपवादांकडे आपल्या बाजूने पाहा. लष्कराचे दार आपल्याला उघडे होते, कोरेगावच्या स्तंभावर १ जानेवारी १८१८ च्या लढाईत पडलेल्यांची 'नाक' या शेवटाची बावीस नावे आजही वाचता येतात. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस ते दार बंद झाले आणि महार रेजिमेंट उभी राहायला १९४१ साल यावे लागले. विद्येचे दार तर शतकानुशतके बंदच होते. भारतीय प्रजासत्ताकात राज्याने ज्या दोनच गोष्टी नावाला जोडायला मोकळ्या ठेवल्या, त्या दोन्हींसाठी आपल्या लोकांना दारे ठोठवावी लागली आहेत. म्हणून 'डॉ.' हे अक्षर आमच्या नावाआधी येते तेव्हा त्याचे वजन निराळे असते. एखाद्याला तो मिरवण्याचा सोस वाटेल. वाटो.

पदवीखाली विद्यापीठाचे नाव घालायचे होते. तो मुलगा म्हणाला, "सर, युनिव्हर्सिटीचं नाव लई लांब आहे. एका ओळीत बसत नाही. 'बामु' टाकू का? सगळे तेच म्हणतात."

सगळे तेच म्हणतात, हे खरे आहे. मीही म्हणतो. बसच्या कंडक्टरला सांगताना, मित्राशी फोनवर बोलताना, त्या दोन अक्षरांनी काम भागते. पण छापायच्या वेळी माझा हात थांबला. २७ जुलै १९७८ रोजी महाराष्ट्राच्या विधिमंडळाच्या दोन्ही सभागृहांनी मराठवाडा विद्यापीठाला बाबासाहेबांचे नाव देण्याचा ठराव केला, आणि त्याच दिवसापासून मराठवाड्यातल्या खेड्यापाड्यांत आपल्या वस्त्या जळू लागल्या. नांदेड जिल्ह्यात पोचिराम कांबळे यांना ठार मारण्यात आले. १९७९ साली नागपूरहून लाँग मार्च निघाला. १९९३ साली नांदेडला गौतम वाघमारे यांनी स्वतःला जाळून घेतले. १४ जानेवारी १९९४ रोजी नाव आले, तेही नामांतर म्हणून आले नाही, नामविस्तार म्हणून आले. एका विद्यापीठाच्या पाटीवर, शिक्क्यावर आणि पदवीच्या कागदावर एक नाव यायला साडेपंधरा वर्षे लागली आणि त्यात माणसे गेली. मी त्यानंतरच्या पिढीचा. मला पदवीचा कागद त्या नावासह आयता मिळाला. तो कागद हाती असणाऱ्याने, ओळीत बसत नाही म्हणून ते नाव दोन अक्षरांवर आणायचे काय?

मी त्या मुलाला म्हटले, "पूर्ण टाक. दोन ओळी होऊ देत."

"मग फोन नंबर आणि मेल मागच्या बाजूला जाईल, सर. दोन्ही बाजूंनी छपाईचे पैसे जास्त पडतील."

"पडू दे."

त्याने पूर्ण नाव टंकले. ही घटना त्याला ठाऊक नव्हती. त्याच्या जन्माच्या आधीची ती. मी थोडक्यात सांगितली. तो ऐकत राहिला आणि मग अक्षर अर्ध्या पॉइंटने वाढवून म्हणाला, असे जास्त उठून दिसते. त्याची जात मी विचारली नाही.

तिसरी अडचण पत्त्याची. मी भीमनगरात राहतो. सहकारी म्हणाला, "घर नंबर आणि रोडचं नाव टाक, बस झालं. भीमनगर वाचलं की अर्धे पालक फोनच करणार नाहीत." येथे त्याचा सल्ला कुत्सित नव्हता. त्याला माझ्या पोटाची काळजी होती, आणि त्याच्या बोलण्याला अनुभवाचा आधार होता.

गावाच्या पत्त्यांचा इतिहास तर सर्वांना ठाऊक आहे. महारवाडा, मांगवाडा, ढोरवस्ती. पत्र टाकले की पाकिटावरच जात लिहावी लागे आणि पोस्टमन ती वाचत येई. डिसेंबर २०२० मध्ये महाराष्ट्र शासनाने वस्त्यांची जातिवाचक नावे बदलण्याचा निर्णय घेतला आणि समतानगर, भीमनगर, ज्योतीनगर, शाहूनगर, क्रांतीनगर अशी नावे सुचवली. पाऊल योग्य होते. पण नाव बदलले तरी वाचणारा बदलत नाही. जो पूर्वी महारवाडा वाचून माणूस ओळखत होता तो आता भीमनगर वाचून ओळखतो. शब्द अपमानाचा होता तो अभिमानाचा झाला. दरवाजा पूर्वी जेवढा उघडत होता तेवढाच आजही उघडतो. यावर उपाय म्हणून जर आपणच अभिमानाचे नाव गाळू लागलो तर वस्त्यांची नावे बदलून मिळवले काय?

भीमनगर वाचून किती पालकांनी फोन केला नाही, हे मला कधीच कळणार नाही. न आलेल्या फोनची नोंद कोठे होत नसते. या प्रकारच्या भेदाचा पुरावा म्हणूनच मिळत नाही, आणि पुरावा नाही म्हणून भेद नाही असे म्हणणारे मोकळे राहतात. सुखदेव थोरात आणि पॉल ॲटवेल यांनी यावर एक युक्ती काढली. खाजगी कंपन्यांच्या ५४८ जाहिरातींना उत्तर म्हणून त्यांनी ४,८०८ अर्ज पाठवले. पात्रता सारखी, नावे मात्र निरनिराळी: काही उच्चवर्णीय वाटणारी, काही दलित, काही मुसलमान. सहासष्ट आठवडे हा प्रयोग चालला आणि २००७ साली 'इकॉनॉमिक अँड पोलिटिकल वीकली'त त्याचे निष्कर्ष आले. सारख्याच पात्रतेच्या उमेदवारांत, उच्चवर्णीय आडनावाच्या तुलनेत दलित आडनावाला पुढचे बोलावणे येण्याची शक्यता दोन-तृतीयांशच भरली. मुसलमान नावाला तर एक-तृतीयांश. माणूस समोर आलाच नव्हता. आला होता फक्त त्याच्या नावाचा कागद.

म्हणजे कागद अजूनही पुढे जातो आणि माणूस मागे उभा असतो. घुंगरे गेली, जोहार गेला, पेटी आणि तबकही गेले; उंबऱ्याच्या आतून ओळख वाचणारी नजर तेवढी शिल्लक आहे. फरक एकच पडला आहे. मजकूर आता आपल्या हातात आहे. हा फरक लहान मानू नये, कारण त्यासाठी तीन-चार पिढ्या खपल्या. पण मजकूर हातात आल्यावर आपण तो त्या नजरेला आवडेल असा छाटू लागलो, तर मजकूर पुन्हा तिच्याच हातात गेला असे म्हणावे लागेल. संक्षेप हा जागेचा प्रश्न असतो तेव्हा तो खुशाल करावा. मीही फोनच्या आधीचा '+९१' गाळला आणि ई-मेलच्या आधीचा 'ई-मेल' हा शब्द गाळला. ज्या अक्षरांसाठी कोणी काही मोजलेले नाही ती गाळायला हरकत नसते. बापाचे नाव, विद्यापीठाचे नाव आणि वस्तीचे नाव या तीन ठिकाणी मात्र जागेचे निमित्त पुढे येते आणि कारण निराळेच असते. मी जी तीन नावे ठेवली ती प्रत्येकाने ठेवलीच पाहिजेत, असा माझा आग्रह नाही; ज्याच्या घरची चूल कार्डावर चालते त्याचा हिशेब त्याने करावा. गाळताना कोणती किंमत मोजली जाते आहे आणि कोणी ती आधी मोजली होती, एवढे ठाऊक असावे.

शेवटी इतिहासाचा शिक्षक म्हणून एक विनंती. बाबासाहेबांच्या लेखनाचा आणि भाषणांचा पहिला खंड महाराष्ट्र शासनाने १९७९ साली काढला. वसंत मून यांनी ते काम उभे करू शकले, कारण कोणीतरी कागद जपून ठेवले होते. आपल्या सामान्य माणसांचे कागद असे कोणी जपत नाही. 'नमो बुद्धाय'ने सुरू होणाऱ्या पहिल्या लग्नपत्रिका, भीमजयंतीची हँडबिले, वर्गणीच्या पावत्या, पहिल्या वकिलाचे, पहिल्या डॉक्टरचे, पहिल्या ठेकेदाराचे, पहिल्या शिवणयंत्रवालीचे कार्ड, हे सारे घर बदलताना रद्दीत जाते. दुसऱ्यांच्या दप्तरांत आपण निशाण्या, शेरे आणि संख्या म्हणून आढळतो. या कागदांवर आपण स्वतः लिहिलेल्या नावांनी आढळतो. उद्याच्या इतिहासकाराला यापेक्षा चांगले साधन दुसरे कोणते मिळणार? तेव्हा आपल्या घरच्या ट्रंकेत असा एखादा कागद असेल तर तो टाकू नका. मागच्या कोऱ्या बाजूवर कोणाचा, कोणत्या गावचा आणि कोणत्या सालचा, एवढे पेनाने लिहून ठेवा.